मंडळ आभारी आहे

मनमाड स्टेशनवर आम्हाला पोचवायला अख्खी गायन पार्टी आली होती. सिद्धार्थकाकांच्या गळ्यात ढोलकी होती. वाजवायची म्हणून आणली नव्हती, पण ढोलकी घरी ठेवून ते कुठेच जात नसत. सुजाता, माझी धाकटी बहीण, ॲडलेडला मास्टर्स करायला पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. मी मेलबर्नला आधीपासून राहत होते आणि सुट्टी संपवून परत निघाले होते. मुंबई विमानतळापर्यंत आमची सोबत होती.

पप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि संध्याकाळनंतर भीमगीतांच्या पार्टीचे मुख्य गायक. प्लॅटफॉर्मवरही त्यांच्यातला गायक गप्प बसला नाही. आत्याने खाऊ दिला की ते मोठ्या आवाजात जाहीर करत, "येवल्याच्या शकुंतलाबाई यांच्याकडून चिवड्याचा एक डबा, मंडळ आभारी आहे." चहाच्या स्टॉलवाल्याने पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या, तर त्याचंही नाव जाहीर झालं. शेजारच्या डब्यातली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली. आई म्हणाली, "अहो, पोरगी चाललीय, स्टेज नाही हे."

गाडी सुटायच्या बेताला पप्पा आमच्या खिडकीशी आले. गज धरून म्हणाले, "सुजे, एक ध्यानात ठेव. गाणं कुठलंही असू दे..." तेवढ्यात शकूआत्या दुसरा डबा घेऊन धावत आली. पप्पा वळले, त्यांनी डबा घेतला, आत्याचं नाव जाहीर केलं, मंडळातर्फे आभार मानले. तोवर गाडी हलली होती. त्यांचं वाक्य प्लॅटफॉर्मवरच राहिलं. नंतर फोनवर सुजाताने विचारलं, तर म्हणाले, आता आठवत नाही.

ज्यांनी गायन पार्टीचा कार्यक्रम पाहिलेला नाही, त्यांना एवढं सांगायला हवं. गाणं रंगात आलं की श्रोत्यांतून कोणीतरी उठतो, नोट घेऊन स्टेजपाशी येतो आणि गायकाच्या कानात आपलं नाव सांगतो. गायक हात वर करतो. वाद्यं थांबतात. माइकवरून जाहीर होतं: अमुक गावचे अमुक यांच्याकडून बक्षीस, मंडळ आभारी आहे. मग गाणं पुढे सुरू. पप्पांची पंचक्रोशीत ख्याती होती ती अशी, की ज्या शब्दावर थांबले त्याच शब्दावरून ते परत उचलत. ओळीच्या सुरुवातीपासून नाही, त्या शब्दापासून. "देणारा जागेवर जाऊन बसायच्या आत गाणं सुरू झालं पाहिजे," ते म्हणत. "नाहीतर त्याला वाटतं, आपणच मोडता घातला."

त्यांचा आणखी एक नियम होता. घरच्या माणसाने बक्षीस द्यायचं नाही. घरचा उठला की लोक म्हणतात, ठरवून उठवला. एकदा आमचा मामा भर मंडपात उठून आला. पप्पांनी नोट घेतली, नाव जाहीर केलं नाही आणि जेवताना नोट त्याच्या ताटाशेजारी ठेवली. मामा दोन जयंत्या आमच्याकडे आला नाही.

सुजाता नऊ वर्षांची असल्यापासून या पार्टीत कोरसला उभी राहत असे. पप्पांनी ओळ म्हणायची, मागच्यांनी ती झेलून परत द्यायची. मोठी झाल्यावर तिने पुढच्या माइकवर एक गाणं मागितलं. पप्पा म्हणाले, "अजून मागंच. कोरस जमला की पुढचं जमतं." पुढच्या वर्षी विचारलं, तेव्हाही हेच उत्तर मिळालं. तिसऱ्या वर्षी तिने विचारलं नाही.

ॲडलेडला ती मॉसन लेक्समध्ये तीन मुलींबरोबर राहायला लागली. विषय लॉजिस्टिक्स. युनिव्हर्सिटीच्या नोटीसबोर्डवर कोणीतरी बॅकिंग सिंगर हवी म्हणून चिठ्ठी लावली होती. चिठ्ठी लावणारा ट्रॉय दिवसा इलेक्ट्रिशियन होता आणि वीकेंडला एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. बँड रिदम अँड ब्लूज वाजवायचा. इकडे सगळे आर अँड बी म्हणतात. सुजाताने ते नाव तोवर ऐकलं नव्हतं. पहिल्या तालमीनंतर तिचा फोन आला.

"ताई, हा आपला कोरसच आहे गं. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. फक्त यांची टाळी उलटी आहे."

"उलटी म्हणजे?"

"आपली समेवर पडते ना? यांची दोन आणि चार या मात्रांवर. पहिल्या दिवशी मी एकटीच बरोबर वाजवत होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते."

ती टाळी शिकली. हळूहळू तो लांब श्वासही शिकली, ज्यात एकाच अक्षराला पाच-सहा वळणं द्यायची असतात. हे तिला सोपं गेलं, कारण पप्पा जलशात आलाप घ्यायचे तेव्हा मागे उभं राहून तिने हीच वळणं गिरवली होती. लिहिताना आता हे सरळ दिसतं. तेव्हा आम्हा दोघींनाही ते दिसलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, ती काहीतरी पूर्ण नवीन करते आहे.

मग पबमधली ती संध्याकाळ आली. बँडच्या मुख्य गायिकेचा घसा बसला आणि ट्रॉयने सुजाताला पुढे उभं केलं. पहिला सेट ठीक झाला. दुसऱ्या सेटमध्ये एक वयस्कर गृहस्थ उठले, स्टेजजवळच्या काचेच्या जगमध्ये त्यांनी टिप म्हणून एक नोट टाकली आणि वळले. सुजाताचा हात वर गेला. बँडला वाटलं, काहीतरी बिघडलं, म्हणून सगळे थांबले. ती माइकवर इंग्रजीत म्हणाली, "निळ्या स्वेटरवाल्या काकांकडून दहा डॉलर. द कमिटी इज ग्रेटफुल." आणि ज्या शब्दावर थांबली होती, त्याच शब्दावरून तिने गाणं उचललं. ती कुठल्या शब्दावरून उचलणार, हे बँडला माहीत नव्हतं. ड्रमर एका ठिकाणी आला, ट्रॉय दुसऱ्या.

पब हसून लोटपोट झाला. नंतर तर लोक मुद्दाम उठून नोटा टाकायला लागले, कारण प्रत्येकाला आपलं नाव ऐकायचं होतं. एकाने आपल्या कुत्र्याचं नाव सांगितलं. ट्रॉयने गाणं संपल्यावर विचारलं, "मेट, व्हॉट कमिटी?"

मॅनेजरला गंमत वाटली नाही. तो म्हणाला, मी बँड बोलावला होता, लिलाव नव्हे. सुजाता बराच वेळ मला फोनवर एकच सांगत होती, "अगं, मी नाही केलं. हातच वर गेला."

बँडने हे प्रकरण प्रेमाने जपलं. ट्रॉय पिझ्झा घेऊन आला की ड्रमर गंभीर चेहऱ्याने जाहीर करायचा, ट्रॉयकडून एक लार्ज पिझ्झा, कमिटी आभारी आहे. सुजाताही हसायची. पण पुढच्या माइकवर ती दीड वर्ष गेली नाही. हात पुन्हा वर जाईल, याची तिला भीती वाटत होती.

डिग्री झाल्यावर तिला मेलबर्नच्या एका हॉस्पिटलमध्ये ड्यूट्यांचं रोस्टर लावायची नोकरी मिळाली आणि ती क्रेगीबर्नला आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. ट्रॉयही कामासाठी इकडे आला. आमच्या गॅरेजमधली गाडी रस्त्यावर गेली आणि गॅरेजमध्ये तालमी सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात शेजारच्या सरदारजींनी दार ठोठावलं, तेव्हा मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती. ते म्हणाले, "बेटा, गॅरेज का दरवाज़ा थोड़ा खोल दो. हमें आधा ही सुनाई देता है."

माझी मुलगी मैत्री तेव्हा आठ वर्षांची होती. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तालमीच्या मधेच ती आत जाऊन सांगायची, "मावशी, यू वेअर फ्लॅट." आणि बहुतेक वेळा सूर खरंच उतरलेला असायचा.

सुजाता आधी दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे गायली. मग लग्नांत, ऑफिसच्या पार्ट्यांत. मग तिने स्वतःची गाणी लिहायला सुरुवात केली. इंग्रजीत, कारण त्या सुरावर तिला तीच भाषा सुचायची. इथे कोणाचंही नाव पूर्ण उच्चारलं जात नाही, त्यामुळे सुजाताची सूज झाली. पहिलं पोस्टर छापलं, तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत तीन इंग्रजी अक्षरं होती. ती पप्पांनी व्हिडिओ कॉलवर जोडून वाचली.

"सूज? कुठं आली सूज?"

"पप्पा, ते माझं नाव आहे."

"एवढी मोठी सूज आणि डॉक्टरला दाखवली नाही?"

मागून सिद्धार्थकाका ओरडले, "बर्फ लाव म्हणावं." तिने नाव बदललं नाही. काकांनी आजतागायत तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

इकडे ही घडी बसत होती, तोवर तिकडे पार्टी बंद पडली. जयंतीला मंडळं डीजे लावू लागली, कोरसवाले पांगले, पप्पांचा आवाज बसला. निवृत्तीनंतर आई-पप्पा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पप्पांनी क्रेगीबर्नमध्ये लवकरच आपला दिनक्रम ठरवला: सकाळी सरदारजींबरोबर तळ्याभोवती चालणं, दुपारी मैत्रीला पेटी शिकवणं, संध्याकाळी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून तालीम ऐकणं. ऐकताना ते समेवर टाळी देत. मैत्री त्यांचा हात धरून ठेवायची. "आजोबा, नॉट यट. वेट फॉर इट." पप्पा म्हणायचे, "आयुष्यभर टाळी मागितली. ही म्हणते, थांब."

त्याच महिन्यांत सुजाताला तिच्या स्वतःच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम मिळाला. हेलन नावाची बाई तो बघायला येणार होती. एका मोठ्या गायिकेच्या देशभरच्या दौऱ्यासाठी तिला आधी गाणारा कलाकार हवा होता. हेलनने स्पष्ट सांगितलं होतं: गाणी मला आवडली आहेत, आता एवढंच बघायचं आहे की हिला दिलेल्या अर्ध्या तासात सेट बांधून, न अडखळता सादर करता येतो का. दौरा मिळाला तर सुजाता हॉस्पिटलमधून बिनपगारी रजा घेणार होती. नाही मिळाला, तर ती गाणं वीकेंडपुरतंच ठेवणार होती. हे तिने शांतपणे ठरवलं होतं आणि ती ठरवलेलं मोडत नाही.

तिने आमची नावं गेस्ट लिस्टमध्ये घातली. पप्पा म्हणाले, "माझं काढ. मी तिकीट घेईन."

"पप्पा, घरच्यांना फुकट असतं."

"म्हणूनच."

ते कोणाला कळलं नाही. माझ्या नवऱ्याने त्यांचं एक तिकीट ऑनलाइन काढलं आणि पप्पांनी त्याची छापील प्रत मागून घेऊन शर्टाच्या खिशात ठेवली.

जाताना गाडीत सुजाताने मागे वळून नीट सांगितलं. "पप्पा, इथे मधे उठायचं नाही. बक्षीस नाही, वन्स मोअर नाही. गाणी एकामागून एक जोडलेली आहेत."

"मला काय कळत नाही का?"

"कळतं. म्हणूनच सांगतेय."

"मी धरून बसते त्यांना," आई म्हणाली. "पर्स मैत्रीकडे देते, म्हणजे दोन्ही हात मोकळे."

पप्पांनी पांढरा सफारी आणि खाली सरदारजींनी भेट दिलेले निळे स्पोर्ट्स शूज घातले होते. हॉल म्हणजे जुनं फर्निचरचं दुकान होतं, पुढे काही खुर्च्या, मागे उभे लोक. हेलन डाव्या भिंतीशी हातात ग्लास घेऊन उभी होती. सुजाता पुढच्या माइकवर आली आणि सुरू झाली.

पहिली तीन गाणी जशी बांधली होती तशीच झाली. चौथं 'जंक्शन' होतं. मनमाडला बहुतेक लोक उतरतात ते गाडी बदलायला, गावात कोणी येत नाही, त्यावर तिने ते लिहिलं आहे. त्यात एक संथ ओळ येते, आय ॲम चेंजिंग हियर, आणि 'चेंजिंग' या शब्दावर ती बराच वेळ राहते. एकेक वळण घेत, खाली उतरत, परत चढत. मला तो आलाप ओळखीचा वाटला. माझ्या पलीकडे पप्पा सरळ होऊन बसले. मग उभे राहिले.

ते मधल्या वाटेने चालत स्टेजकडे निघाले. घाई नव्हती. पांढरा सफारी अंधारातही सगळ्यांना दिसत होता. सुजाताने त्यांना अर्ध्या वाटेवर पाहिलं. मी हेलनकडे पाहिलं. तिने ग्लास खाली ठेवला होता. सुजाताला गात राहता आलं असतं. पप्पा स्टेजखाली उभे राहिले असते आणि थोड्या वेळाने परत आले असते. हॉलने एका म्हाताऱ्या माणसाला समजून घेतलं असतं.

सुजाताने हात वर केला. ट्रॉयने तारेवर तळवा ठेवला आणि ड्रमरकडे बघून मान हलवली. सगळं एकदम थांबलं.

ती वाकली. पप्पांनी तिच्या हातात शंभर रुपयांची नोट दिली आणि कानात काहीतरी सांगितलं. ती सरळ झाली, माइकजवळ आली. आवाज स्थिर होता.

"मनमाड जंक्शनचे एक श्रोते, यांच्याकडून बक्षीस," ती मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत. मग परत मराठीत, "मंडळ आभारी आहे."

आणि 'चेंजिंग'वरून उचललं. ट्रॉय त्याच शब्दावर होता. ड्रमरही. पप्पा तोवर जागेवर पोचलेसुद्धा नव्हते. मागच्या उभ्या लोकांतून आधी एक शिट्टी आली, मग टाळ्या, दोन आणि चारवर. पप्पा बसले आणि त्यांनीही तिथेच दिली. मैत्री म्हणाली, "फायनली."

नंतर कळलं की ट्रॉयने ॲडलेडच्या त्या संध्याकाळनंतर प्रत्येक ड्रमरला एक गोष्ट शिकवून ठेवली होती: तिचा हात वर गेला, तर शब्द लक्षात ठेव.

सेट अर्ध्या तासात संपला. हेलन बाहेर येऊन सुजाताशी बोलली आणि शेवटी तिने एकच प्रश्न विचारला: "तो सूटमधला माणूस रोज येणार का?" सुजाता म्हणाली, नाही, त्याचा व्हिसा तीनच महिन्यांचा आहे. हेलन म्हणाली, "इट्स अ पिटी. पण तो भाग ठेव."

घरी परतताना गाडीत आईने आपली बाजू मांडली. "मी हात धरला होता हो. पण तो शब्द आला आणि ह्यांनी माझं एकेक बोट सोडवलं, म्हटलं, जा बाबा."

"पप्पा," सुजाता पुढे बघतच म्हणाली, "घरच्या माणसाने बक्षीस द्यायचं नसतं ना?"

पप्पांनी खिशातून कागद काढून तिच्या खांद्यावरून पुढे केला. "घरचा म्हणून नाही उठलो. तिकीट काढलंय."

महिन्याभराने त्यांना पोचवायला आम्ही सगळे टलमरीन विमानतळावर गेलो. ट्रॉयही आला, पप्पांसाठी लोकरीची टोपी घेऊन. पप्पांनी काही म्हणायच्या आत मैत्रीने आपल्या मराठीत जाहीर केलं, "ट्रॉय अंकलकडून एक बीनी, मंडळ आभारी आहे." ट्रॉयने लगेच मान झुकवली. मंडळ म्हणजे कोण, हे तो आता विचारत नाही.

पप्पांनी टोपी घातली, आत जायच्या फाटकापर्यंत गेले, वळले आणि सुजाताला म्हणाले, "...मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"काय?"

"सांगत होतो ना तुला. गाणं कुठलंही असू दे, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मनमाडच्या प्लॅटफॉर्मवरचं ते वाक्य होतं. मधे सहा वर्षं गेली होती.

"पप्पा, हे तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा मधे बक्षीस आलं," ते म्हणाले आणि आईची बॅग ओढत आत गेले.

इथे नव्याने आलेली मराठी मुलं कधी कधी विचारतात, ताई, तुम्हाला घरची आठवण येत नाही का. येते. पण मनमाडचं घर आता आठवणीत एका जागी राहत नाही. ते क्रेगीबर्नच्या गॅरेजमध्ये असतं, ट्रॉयच्या पिझ्झाच्या खोक्यावर असतं, आणि दौऱ्यात सुजाता जाईल त्या हॉलच्या शेवटच्या रांगेत असतं. वॉलॉंगॉंग शहरातल्या कार्यक्रमाला मी मुद्दाम त्याच रांगेत बसले आणि फोन उंच धरला. पडद्यावर मनमाडची खोली होती: आई, पप्पा, टोपीसकट, आणि त्यांच्यामध्ये ढोलकी गळ्यात घालून सिद्धार्थकाका.

सुजाताने पहिलं गाणं सुरू करण्याआधी डोळ्यांवर हात धरून लांब बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, मागे ऐकू येतंय का.

फोनमधून काकांचा आवाज आला, इतका मोठा की पुढच्या दोन रांगा वळल्या. "येतंय, सूजबाई, येतंय. ढोलकी जरा वर घ्यायला सांगा."

बँडमध्ये ढोलकी नाही. तरी कार्यक्रम संपल्यावर मी साउंडवाल्या मुलाला निरोप दिला. तो म्हणाला, नो वरीज.